प्रसाद म्हणजे खाणं नव्हे

माझ्याआधी माझी सही थिएटरात पोचली होती. मी हात धुऊन आत आले, टोपीत केस कोंबले, फाइलसाठी हात पुढं केला, तर कडूबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमची मारून ठेवली. जमून राह्यली मला आता." त्याच्या आवाजात चोरी नव्हती, शाबासकीची अपेक्षा होती. कडूबा इथला थिएटर असिस्टंट, हत्यारं उकळण्यापासून पेशंटला स्ट्रेचरवर घेण्यापर्यंत सगळं त्याच्याकडं, आणि कागद भरणंही त्याच्याकडंच. मी पाहिलं. खाली 'भूलतज्ज्ञ' असं छापलेल्या ओळीवर मी होते. 'साक्षी'तला क्ष मी काढते तसाच थोडा फुगीर, शेवटची वेलांटी मागं नेऊन सगळ्या नावावर ओढलेली. ही वेलांटी मला दादांनी शिकवली. दादा म्हणजे माझे वडील, तातेराव मास्तर, मंठ्याकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, आणि सही मराठीत करायची, वाचल्याशिवाय करायची नाही, एवढे दोनच नियम त्यांनी मला आयुष्यात दिले. सहीच्या वर सगळे चौकोन भरलेले. पेशंटला नाव विचारलं, बरोबर. बाजू विचारली, बरोबर. उपाशीपोटी, बरोबर. चीर देण्याआधी सगळे थांबले, बरोबर. कापसाचे बोळे मोजले, जुळले, बरोबर. पेशंट शुद्धीवर, बाहेर पाठवला, बरोबर. आणि पेशंट अजून बाहेर बाकावर बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी काय केलं, तर कडूबाला म्हटलं, "असं नका करत जाऊ हो." असं, लेकराला म्हणावं तसं. तो हसला. "तपासनीला लागतंय मॅडम. विम्यावाले फक्त टिका पाहतेत."

माझं काम लोकांना झोपवायचं. जालन्यात, अंबडला, कधी घनसावंगीला, जिथून फोन येईल तिथं बॅग उचलून जायचं. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, खुर्ची नाही, दारावर पाटी नाही. ज्याचं थिएटर त्याचा मान, आणि मी त्या मानातली पाहुणी. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्यांची ऑपरेशनं हल्ली फार वाढलीत. गाठी, मूळव्याध, हर्निया. दिवसाचं काम म्हणून त्याला कुणी ऑपरेशनच मानत नाही. 'छोटंसं आहे' म्हणतात. चीर छोटी असते, झोप छोटी नसते. झोप तेवढीच खोल असते, श्वास तेवढाच दुसऱ्याच्या हातात असतो. हे मी किती वेळा सांगितलं असेल. डॉक्टर हरिओम, ज्यांचं जालन्यातलं हे हॉस्पिटल, ते ऐकतात, मान डोलावतात, आणि म्हणतात, "चला मॅडम, तुमची आरती होऊ द्या." चेकलिस्ट वाचण्याला ते आरती म्हणतात. मी मोठ्यानं वाचायला लागले की ते हातमोजे घातलेले हात छातीशी धरून डोळे मिटतात आणि ओठांनी टाळ्यांचा ठेका धरतात. सिस्टर हसतात. कडूबा हसतो. सुरुवातीला मीसुद्धा हसले होते, आणि त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं. शिकत होते तेव्हा आमच्या विभागात एक मॅडम होत्या, फार बुटक्या, टेबलाच्या पलीकडून नुसती टोपी दिसायची. त्या 'थांबा' म्हणाल्या की मोठमोठे सर्जन थांबायचे. मला वाटायचं, शब्दात ताकद आहे. मी इथं येऊन तोच शब्द तसाच म्हणून पाहिला. ताकद शब्दात नव्हती. त्यांच्या खुर्चीत होती, नाहीतर आडनावात, कुणाला माहीत. मी कडूबाच्या हातातला कागद घेतला, माझी सही आडवी खोडली आणि बाहेर बाकाकडं गेले.

संध्या नाव तिचं. एकवीस-बावीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की ऑपरेशनला अंबाडा चालत नाही. उजव्या छातीत दोन गाठी. साध्या असाव्यात असं तपासणीत दिसत होतं, पण एक खोल होती, आणि पोरगी इतकी घाबरलेली की जागेवर सुन्न करून काढणं शक्य नव्हतं. पूर्ण भूल ठरली होती. शेजारी तिची आई, पुष्पाबाई, कुंभार पिंपळगावची, हिरवं लुगडं, कपाळावर अष्टगंध. अष्टगंध मी पाहिलं, पण मनात नोंद झाली ती मागाहून. 'काही खाल्लं नाही ना?' असं मी कधीच विचारत नाही. असं विचारलं की आपल्याकडची माणसं 'न्हाई न्हाई' म्हणतात. डॉक्टर म्हणतात तसंच असणार, त्यांना कशाला खोटं पाडा. मी विचारते, उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. संध्या सांगायला लागली, शाळेत धडा म्हणावा तशी. पहाटे उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, जीपमधी बसलो, जांबला उतरलो, रामाचं दर्शन घेतलं, परसाद घेतला, मंग दुसऱ्या जीपनं इकडं.

"प्रसाद काय होता?"

"शिरा."

"किती?"

तिनं आईकडं पाहिलं. आई मोकळेपणानं म्हणाली, "दोन दुरुण. कोणाचा तरी नवस फेडायचा कारेकरम व्हता मॅडम, साजूक तुपातला शिरा, आग्रव करू करू वाढू राह्यले व्हते. परसादाला न्हाई म्हणू न्हाई."

"ताई, उपाशी राहायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच हाय की! राती आठपासून पोरीच्या तोंडात पान्याचा थेंब न्हाई. वाटंत लई तहान लागली म्हणली, म्या बिलकुल पिऊ दिलं न्हाई. परसाद का खाणं असतंय, मॅडम?"

तिच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. मला तिचाच नाही, त्या स्वच्छ डोळ्यांचाही राग आला. पाणी बंद, आणि दोन द्रोण तुपाचा शिरा. मी विचारलं, आज नेमकं जांबला जायचं काय अडलं होतं? तेव्हा तिनं पोरीला, "तू आत जाय, गाऊन घालून घे," म्हणून सिस्टरबरोबर पाठवलं, आणि बाकावर सरकून मला जागा केली. हळू आवाजात सांगायला लागली. वैशाखात लग्न ठरलंय. सोयरे परतूरकडचे, मोठं खटल्याचं घर. उद्या बस्ता आहे, साड्या काढायला दोन्हीकडची माणसं जालन्याला येणार, नवरीमुलगी पाहिजेच. पोरीच्या छातीत गाठ आहे असं नुसतं कानावर गेलं तरी मोडतील. गाठ साधी का कशाची, कोण विचारत बसतंय. म्हणून घरात दोघी-तिघींनाच माहीत. मग दिवसभर कुठं चाललो म्हणून सांगायचं? सांगितलं, लग्न ठरलं म्हणून जांबला दर्शनाला चाललो. "आता देवाचं नाव घेऊन लबाड कसं बोलावं मॅडम? म्हून मंग खरंच गेल्तो. तेवढं तरी खरं व्हवं."

तेवढं तरी खरं. एका खोट्याच्या पोटात तिनं एक खरं घातलं होतं आणि ते पोरीच्या पोटात जाऊन बसलं होतं. मी तिला समजावून सांगितलं. झोपेत घसा सैल पडतो, पोटातलं वर येतं, श्वासात जातं, फुप्फुसात तुपाचा शिरा गेला तर माणूस हाताला लागत नाही. सोपं करून सांगितलं, मग अजून सोपं करून. म्हटलं, तीन वाजेपर्यंत थांबा, पोट रिकामं होईल, मी स्वतः थांबते. ती ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडं बघत होती, शब्दांकडं नाही. मग म्हणाली, "परसादानं कोणाचं वाईट झालेलं ऐकलंय का तुम्ही?" आणि लगेच, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, "तुम्ही कोन्या गावच्या मॅडम? नाव काय तुमचं, पूर्न?" मी पूर्ण नाव सांगितलं. गावही सांगितलं. ती म्हणाली, "असं व्हय." एवढंच. पण 'असं व्हय' म्हणताना बाकावर मघाशी मला केलेली जागा तिनं पिशवी ठेवून परत घेतली. मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

आमच्या गावात मारुतीच्या पारावर भंडारा व्हायचा. शिऱ्याचा वास शाळेपर्यंत यायचा, आणि शाळा सुटायची ती त्या वासातच. मी सहा-सात वर्षांची असेन. पंगत उठली की शेवटी एक माणूस पातेलं घेऊन पाराच्या कडेला यायचा आणि आम्हा पोरांच्या ओंजळीत वरून टाकायचा. वरून म्हणजे हातभर वरून. शिरा हातात पडताना चटका बसायचा, थोडा मातीत पडायचा. मी ओंजळ करून उभी होते, माझी पाळी आली होती, आणि मागून दादांनी माझा दंड धरला. मला तसंच ओढत घरी नेलं. मी रस्ताभर बोंबलत होते. त्या दिवशी आईनं, बेबीनंदाबाईनं, शेजारून साखर आणून शिरा केला. मी तो खाल्ला आणि म्हटलं, त्यांच्यासारखा झाला नाही. दादा जेवता जेवता उठून बाहेर गेले. तो वास मला आज त्या कॉरिडॉरमध्ये आला, स्पिरिटच्या आणि फिनाइलच्या वासातून, संध्याच्या तोंडाला. मला प्रसादाचं वावडं नाही. मला तो हवा होता. इतका हवा होता की चाळिशीला आले तरी तुपात रवा भाजल्याचा वास आला की दंडावर बोटं रुतल्यासारखी वाटतात. पण हे कुणाला सांगायचं, आणि का सांगायचं? पोटातल्या अन्नाला देव कळत नाही, धर्म कळत नाही, ते झोपेत वर येतं, इतकंच सांगायला माझा जन्म कुठं झाला हे मधे का यावं?

हरिओम सर कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा त्यांचा एक डोळा घड्याळावर होता. दुपारी त्यांची मंठ्याला ओपीडी असते, बाराला निघावं लागतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "किती, दोन चमचे?" मी म्हटलं, दोन द्रोण. ते म्हणाले, "मॅडम, तीनला मी मंठ्यात असतो. उद्या तिचा बस्ता आहे. परवा तिचे घरचे आणणार नाहीत, मी सांगतो ना, कधीच आणणार नाहीत. गाठ तशीच राहील. मग तुमच्या नियमाचं काय लोणचं घालायचं?" ह्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड होत होता. मी म्हटलं, तुम्ही आज एक दिवस मंठा उशिरा करा. ते हसले. हात धुवायच्या बेसिनपाशी मला थोडं बाजूला घेतलं, आवाज खाली आणला, मायेनं म्हणावं तसं म्हणाले, "एक बोलू? राग मानू नका. तुमच्यात प्रसाद वगैरे चालत नाही, ठीक आहे, माझ्या मनात काही नाही. पण लोकांची श्रद्धा असते. त्या बाईला तुम्ही प्रसादानं पोरगी मरेल म्हणालात म्हणे. बरं दिसतं का?"

तुमच्यात. बेसिनचा नळ चालू होता. साबणाचा फेस त्यांच्या कोपरावरून गळत होता आणि मी त्या फेसाकडं बघत राहिले. मला काय काय म्हणायचं होतं! म्हणायचं होतं, वडापाव असता तरी मी हेच म्हणाले असते. म्हणायचं होतं, माझ्यात काय चालतं ते तुम्हाला कोण विचारतंय, हिच्या जठरात काय चाललंय ते बोला. म्हणायचं होतं, तुम्ही माझ्या वाचण्याला आरती म्हणता तेव्हा तुमची श्रद्धा कुठं जाते. हे सगळं मला आत्ता सुचतंय, ओळीनं, विरामचिन्हांसह. तेव्हा तोंडातून निघालं ते फक्त, "मी भूल देणार नाही." ते म्हणाले, "बरं." आणि ओल्या हातानंच सिस्टरला खूण केली, कल्याण सरांना फोन लावा. इतकं सोपं होतं ते. मी बंद पडलेली लिफ्ट, तर शेजारी जिना होताच.

कल्याण सर पंधरा मिनिटांत आले. जालन्यातले सगळ्यात जुने भूलतज्ज्ञ, साठी उलटलेले, हातात जादू, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. माझ्यावर त्यांचा जीव आहे, मला 'अगं' म्हणतात. "अगं साक्षी, लोक चहा पिऊन येतात, भजे खाऊन येतात, एक जण तर मटण खाऊन आला होता आणि वर म्हणाला रस्साच घेतला. काही होत नाही." काही होत नाही. ह्या तीन शब्दांवर सगळा जिल्हा चालू आहे. जीपच्या टपावर माणसं, काही होत नाही. विजेची तार आकड्यानं ओढलेली, काही होत नाही. आणि खरंच पुष्कळदा होत नाही, हीच तर ह्या शब्दांची हरामखोरी आहे. मी निघून जायला पाहिजे होतं. बॅग उचलायची, स्कूटीवर बसायचं, घरी जाऊन दार लावून घ्यायचं. पण मी गेले तर कल्याण सर नुसता मास्क लावून निभावतील, हे मला माहीत होतं. छोटंसं काम, श्वासनलिकेत नळी कशाला. आणि पोरगी आत गाऊन घालून, दोन वेण्या टोपीत घालून, टेबलावर आडवी झाली होती. मी म्हटलं, सर, एक करा. नळी घाला, पटकन, पोटातलं वर येऊ नये म्हणून मी गळा दाबून धरते, आणि आलंच तर ओढून घ्यायला सक्शन हातात ठेवते. ते म्हणाले, "तुझ्या समाधानासाठी." हरिओम सरांनी डोळे फिरवले. तोवर कडूबानं नवा कागद आणला होता. सगळ्या टिका नव्यानं, उपाशीपोटी बरोबर, खाली कल्याण सरांची सही. तीही त्याला जमत असावी.

मी डोक्याशी उभी राहिले. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट तिच्या गळ्यावर, कंठाच्या खालच्या कडीवर, उजव्या हातात सक्शनची नळी, ती सुरू, सूं सूं करत हवा ओढत. संध्यानं उलटं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं भूल मीच देतेय. "मॅडम, दुखंल का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. औषध गेलं. पापण्या मिटल्या. मी कडी दाबली. खालचा गळा गरम होता, नस उडत होती. आता ते दोन-चार क्षण, ज्यात श्वास तिचा नसतो आणि आमचाही नसतो. कल्याण सर वाकले, घसा उघडायचं पातं जिभेमागं गेलं, आणि मी तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडं डोळे लावले. तिथं आता पिवळट, तुपकट काहीतरी दिसेल. मी सक्शनची नळी तयार धरली. दिसेल. आत्ता. आणि त्याच वेळी मला स्वच्छ कळलं की मी घाबरलेली नाही, मी वाट पाहतेय. मला ते यायला हवं होतं. थोडंसं, एक चमचाभर, नळीतून सर्रकन जाऊन बाटलीच्या काचेवर आदळावं, ह्या सगळ्यांनी बघावं, हरिओम सरांनी बघावं, कडूबानं बघावं. मी लगेच ओढून घेतलं असतं. तिला काही होऊ दिलं नसतं. पण यावं. माझ्या अंगठ्याखाली एका पोरीचा गळा होता आणि मी तिच्या पोटातला शिरा वर यावा म्हणून वाट पाहत होते. "गेली नळी," कल्याण सर म्हणाले. नळीभोवतीचा फुगा फुगवला. छाती दोन्हीकडं उचलली. "सोड आता." मी सोडलं नाही. "अगं सोड." मी सोडलं. सक्शनची बाटली कोरडी होती, धुऊन पालथी घातल्यासारखी. त्या कोरड्या बाटलीचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नसेल.

मग मी वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं, भूल माझी नव्हती, कागद माझा नव्हता, तरी भिंतीवर टांगलेला तक्ता बघून मी मोठ्यानं वाचलं. पेशंटचं नाव. बरोबर. ऑपरेशन कशाचं. बरोबर. बाजू कोणती. "उजवी, मॅडम, उजवी," हरिओम सर म्हणाले, "आणि आज रामनाम घेऊन आलीय, तुम्ही निश्चिंत राहा." सगळं बरोबर होतं. प्रत्येक उत्तराला मी अजून थोडी मूर्ख ठरत गेले. चुकीच्या बाजूवर खूण असती, एखादा बोळा कमी भरला असता, तर मी माणसांत आले असते. माझं सगळं काम असं आहे की ते नीट झालं तर ते झालंच नाही असं दिसतं. दादा पावसाळ्यात शाळेच्या एका खोलीत पोरांना बसू द्यायचे नाहीत, छत खचेल म्हणायचे. छत त्यांच्या बदलीपर्यंत खचलं नाही. गावानं त्यांना भेकड मास्तर म्हटलं. पुढं त्या खोलीचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही, खचली असेल तरी आणि नसेल तरी दोन्ही उत्तरांची मला चीड येईल. हरिओम सरांचा हात सुंदर चालतो, हे कबूल करावंच लागतं. दोन्ही गाठी अख्ख्या, गुळगुळीत, ताटलीत ठेवल्या. "साध्याच दिसतायत," ते म्हणाले. मला आनंद झाला. खरंच झाला. पण तो रागाच्या इतका खाली होता की मला तो उपसून काढावा लागला.

साडेअकराला संध्याला पलीकडच्या खोलीत आणलं. कल्याण सर बडीशेप चघळत गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तोही मला नको होता. मी तिच्या खाटेशी बसले, मनगट हातात धरून. नाडी छान होती. ती डोळे उघडायची, मिटायची. "घसा दुखतोय," म्हणाली. मी म्हटलं, दुखेल दोन दिवस. पुष्पाबाई आली. हरिओम सरांच्या तिनं पाया पडून घेतलं होतं, आता माझ्यापुढं हात जोडले. चेहरा उजळलेला, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा. मघाच्या 'असं व्हय'चा त्यावर मागमूस नव्हता. आनंदात माणूस सगळ्यांना माफ करतं, मलाही तिनं केलं होतं.

"बघा मॅडम, केवढं भेवाडलं व्हतं तुम्ही. काय झालं का? देव तारी त्याला कोण मारी." लुगड्याच्या पदरानं तिनं पोरीचं कपाळ पुसलं. "आमच्या धाकल्या जावंचं बी हाय आता, पित्ताच्या पिशवीचं. लई भेऊ राह्यली. तिला म्हणते, आधी जांबला जाय, पोटभर परसाद खाय, आन् मंग जाय आपरेशनला. आमच्या संध्याला काय झालं? समद्या गावालाच सांगते."

"मरेल ती," मी म्हटलं.

पुष्पाबाईचा हात पोरीच्या कपाळावर तसाच राहिला.

"मरेल! ऐकू येतंय का? तुमची जाऊ मरेल, टेबलावर मरेल, तुमच्या सांगण्यानं मरेल!" मी उभी राहून ओरडत होते. माझा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं. दारात सिस्टर आली, तिच्या मागं कडूबा. शेजारच्या खाटेवरचे आजोबा सलाइनसकट उठून बसले. "देवानं नाही तारलं! काहीही तारलं नाही! ह्या वेळी झालं नाही, एवढंच! नशीब होतं तिचं, एवढंच!" कुंकू लावून सोहळ्याला निघालेल्या घरात कुणी अभद्र बोलावं तशी पुष्पाबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या ओठांना कंप सुटला होता आणि त्याचं मला त्या क्षणी काहीही वाटत नव्हतं. सकाळपासून, की त्याच्याही कितीतरी आधीपासून, गिळलेलं सगळं वर येत होतं आणि मी ते येऊ देत होते. पोरगी मधे होती. तिचं मनगट अजून माझ्या मुठीत होतं, मी ते सोडायचं विसरले होते. तिनं डोळे उघडले. आता पूर्ण उघडले. आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी बी मेले असते?" घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मी खाली बसले. तिच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"शक्य होतं," मी म्हटलं.

नाडी जलद झाली होती, मला बोटांना कळत होती. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिला काहीतरी जुळवायचं होतं आणि ते भुलीच्या गुंगीत जुळत नव्हतं, म्हणून कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"तुम्हाला ठाव व्हतं?"

"हो."

"मला तर कोणी काईच न्हाई सांगितलं." तिनं माझ्या हातातलं मनगट हळूच सोडवून घेतलं. "तुम्ही माझ्या डोक्यापाशीच व्हत्या. तुमच्याकडं पाहूनच मी डोळे मिटले, मॅडम. ठाव व्हतं तर मंग झोपू काऊन दिलं?"

"गप पड गं," पुष्पाबाई तिला म्हणाली. मला कुणी काही म्हणालं नाही.